पाऊणकी

फेब्रुवारी संपता संपता मोरेश्वर नंदनवार येतो,
खांद्यावर वाळ्याच्या ताट्या, खिशात पाना.
यंदा त्याने कूलरची मागची जाळी काढली
आणि दोन पावलं मागे सरला :
“बापा! गांधीलमाश्या हायेत मॅडम. जाळून टाकू काय?”

जाळू नको, म्हटलं.
तीस वर्षं झूलॉजीच्या प्रयोगशाळेत
मेलेले कीटक टाचणीला टोचले,
जिवंत घर पहिल्यांदाच दारात आलं होतं :
राखाडी, कागदाचं, तळहाताएवढं,
पंपाच्या वर एका देठाला लटकलेलं.

“मग उन्हाळा कसा काढता?
यंदा पारा सत्तेचाळीसवर जाते म्हणते.”

तर असा माझा कूलर बंद राहिला.

पहाटे त्या सुस्त असताना
काडीच्या टोकाने नेलपॉलिशचे ठिपके दिले,
नवी जन्मेल तिलाही.
मेच्या मध्याला सतरा जणी. लाल. लाल-पांढरी. हिरवी. निळी-पांढरी.
राणी पिवळी. सगळ्यांत मवाळ.
कुणाला ढकलत नाही, कुणावर धावत नाही,
रिकाम्या खोल्यांवरून फिरते, अंडं ठेवते, पुढे जाते.
बाकीच्या दिवसभर अळ्या भरवतात. तिच्या.

वर्गात मी सांगायचे : नराला बाप नसतो,
आजोबा मात्र असतो.
मागच्या बाकावरून हशा यायचा,
दरवर्षी, त्याच वाक्याला.
नराकडे गुणसूत्रांचा एकच संच,
तो अख्खाच्या अख्खा प्रत्येक लेकीला जातो,
म्हणून सख्ख्या बहिणी अर्ध्या नसतात, पाऊण असतात.
आपली लेक अर्धी. आईची लेक पाऊण.
मग आपण कशाला घालायची अंडी?

फळ्यावर हे इतकं स्वच्छ दिसायचं
की महालातल्या घरी बाबांनी घोकून घेतलेली पाऊणकी आठवायची,
एक पाऊणे पाऊण, बे पाऊणे दीड,
आणि तिसऱ्या पायरीवर हमखास अडखळणारी कुंदा.

कुंदाची फी. कुंदाचं बाळंतपण.
तिच्या ऋचाचं इंजिनिअरिंग.
बहीण अर्धी, भाची पाव.
माझा हिशेब त्या फळ्यावर कधी मांडला नाही.

आणि खरं सांगायचं तर गांधीलमाश्यांचाही नीट बसत नाही.
राणी दोन-तीन नरांशी जुळली की पाऊण फुटतं.
एका घरात सावत्र बहिणी, मावश्या,
कुठून तरी येऊन राहिलेली एखादी परकी,
आणि भरवणं चालूच.
एकटीने मांडलेलं घर मुंग्या लुटतात,
एकटी मेली की अळ्या उपाशी,
एवढं एक कारण मला अजून पटतं.

दुपारी त्या माठाच्या पाझरावर यायच्या,
पोटात पाणी घेऊन घरावर थेंब ठेवायच्या
आणि पंखांनी वारा घालायच्या.
माझ्या बंद कूलरच्या आत एक कूलर चालू होता.

नवतपाच्या तिसऱ्या दिवशी पिवळी दिसली नाही.
खाली पत्र्यावर होती, मुंग्यांनी अर्धी नेलेली.
पाच आठवडे जिने फक्त पाणी वाहिलं,
वहीत जिच्यापुढे मी ‘मध्यम, विशेष काही नाही’ लिहिलं होतं,
ती निळी-पांढरी
सगळ्यांच्या अंगावर धावून गेली.
एकही उलटली नाही.
त्यांना आधीच माहीत असावं. मलाच नव्हतं.
आठवड्याने तीही मवाळ झाली.
रिकाम्या खोलीत वाकली, अंडं ठेवलं.

बाहेरून काही आलं नव्हतं.
तेच जनुक, जे तिच्यात होतंच,
आणि पिवळी असेतो मिटून होतं.

त्याच सुमारास कुंदा आली, चंद्रपूरहून, अजून मोठ्या उन्हातून.
“ताई, कूलर काहून बंद?”
दाखवलं. तिने लांबूनच पाहिलं.
रात्री चादर भिजवून पिळली, माझ्या अंगावर टाकली,
उशाशी बसून वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत राहिली.
“तुला कधी वाटलं नाही, ताई...”
पुढचं तिला बोलवेना.

मी म्हटलं, तीन पाऊणे?

पुठ्ठा थांबला.
“अडीच,” ती म्हणाली.